वाघोलीच्या टँकमधला कॉलमनॅरिस: अँटिबायोटिक कोणतं, कुठे आणि कशातून

पुण्याजवळ वाघोलीतली एक सोसायटी. उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी पुरत नाही, म्हणून मे महिन्यात सगळी भिस्त टँकर आणि बोअरवर. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच असा माशांचा टँक. त्यात दोन एंजल, सहा प्लॅटी, आठ गप्पी, तळाशी फिरणाऱ्या चार कोरी आणि तीन काळ्या मॉली. सगळं वर्षभर सुरळीत चाललेलं. मग घरातल्या मुलीच्या वाढदिवसाला दुकानातून आणखी सहा मॉली आल्या आणि पिशवीतल्या पाण्यासकट थेट टँकमध्ये गेल्या.

चार दिवसांत नव्यांपैकी एका मॉलीच्या पाठीवर, वरच्या पराच्या बुडाशी, फिकट राखाडी पट्टा दिसू लागला. दुसरीच्या ओठांवर पांढरे धागे आले. घरच्यांनी फोटो काढून चार जणांना विचारलं. कुणी बुरशी म्हणालं, कुणी व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे अंगावर पांढरे ठिपके येणारा आजार. शेजारचे काका अनेक वर्षं मासे पाळणारे. त्यांनी आपुलकीनं घरातली टेट्रासायक्लिनची एक कॅप्सूल दिली आणि हीटर ३२ वर ठेवायला सांगितलं. टँक घाण झाला असेल म्हणून वडिलांनी फिल्टरचा जुना स्पंज टाकून नवा बसवला आणि खालची खडी बादलीत काढून घासून धुतली. दोन दिवसांत चार मॉली मेल्या. तेव्हा मला फोन आला.

मी मत्स्यविज्ञान शिकलेली. तपासणी, पाण्याची मोजणी आणि उपचाराची आखणी मी करते. औषधाची चिठ्ठी ज्यांच्याबरोबर काम करते ते पशुवैद्य लिहितात. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण आजारी माशांना अँटिबायोटिक देताना होणाऱ्या बहुतेक गोष्टी यात एकाच टँकमध्ये घडल्या होत्या. त्यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी मनापासून, मासा वाचावा म्हणूनच केली होती.

पाणी आधी

फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या: हीटर बंद करा आणि दाणा टाकू नका. तिसरी सांगायला जरा अवघड होती. मासा मरायला टेकला असेल तर त्याला त्याच पाण्यासकट वेगळ्या भांड्यात काढा, फेकू नका. तपासणीसाठी असाच मासा सगळ्यात उपयोगी. मरून काही तास झालेल्या माशावर इतर जिवाणू इतके वाढतात की खरा गुन्हेगार कोण ते कळत नाही, आणि गरम पाण्यात तर हे फारच लवकर होतं.

पोचल्यावर आधी पाणी मोजलं. तापमान ३२, पीएच ८, एकूण अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम, नायट्राइट १, आणि एकूण कठीणपणा साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे बोअरचं अगदी जड पाणी. अमोनियाचा हा आकडा पीएच आणि तापमान बाजूला ठेवून वाचता येत नाही. पीएच ७ असतं तर त्यातला एक टक्काही विषारी स्वरूपात नसता. पीएच ८ आणि ३२ अंशांना जवळपास आठ टक्के असतो, म्हणजे लिटरला ०.१६ मिलिग्रॅमच्या घरात. ०.०५ च्या पुढे कल्ल्यांना इजा व्हायला लागते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते, त्याचं निम्मं उत्तर इथेच होतं.

अमोनिया आला कुठून? अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात मोकळे फारसे नसतात. ते स्पंजला आणि खडीला चिकटून राहतात. स्पंज फेकला आणि खडी घासली, तेव्हा टँकची ही व्यवस्थाच काढून टाकली गेली. वर मेलेल्या माशांची भर. शिवाय उष्णतेमुळे पाण्यात प्राणवायू कमी राहतो: २७ अंशांना पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम मावतो, ३२ ला सव्वासात. माशाची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते.

त्यामुळे त्या संध्याकाळी कुठलंही औषध निघालं नाही. अर्धं पाणी बदललं, तापमान जुळवून, हळूहळू. एअर पंपाला बुडबुडे सोडणारे दोन दगड, म्हणजे एअर स्टोन, जोडले. टँकचं झाकण काढून वर जाळी टाकली आणि टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला. बाष्पीभवनानं पाणी रात्रीतून २७ वर आलं. मेमध्ये पुण्यात चिलरशिवाय याहून खाली जाणं कठीण. माझ्या ओळखीच्या एका निरोगी टँकमधून पिळून न काढलेला जुना स्पंज आणून यांच्या फिल्टरमध्ये ठेवला, म्हणजे जिवाणूंची वस्ती शून्यापासून सुरू करावी लागणार नव्हती.

सूक्ष्मदर्शकाखाली

शेवटच्या घटकेला आलेल्या एका मॉलीच्या पाठीवरच्या पट्ट्याच्या कडेवरून काचपट्टीनं अलगद खरवडलं, टँकच्याच पाण्याचा थेंब टाकला आणि चारशे पट मोठं करून पाहिलं. बुरशी असती तर जाड, फांद्या फुटलेले धागे दिसले असते. व्हाइट स्पॉट असता तर घोड्याच्या नालेसारखं केंद्रक असलेले गोल परजीवी सावकाश वळताना दिसले असते. यातलं काही नव्हतं. लांब, सडपातळ, वाकत सरकणारे जिवाणू होते, आणि दोन-चार मिनिटं थांबल्यावर ते त्वचेच्या तुकड्याच्या कडेला गोळा होऊन गवताच्या गंजीसारखे उभे राहिले. हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही. कल्ल्याचं टोक कापून पाहिलं तर तिथेही तेच, आणि कल्ल्याच्या पाकळ्या टोकाकडून पिवळट, झडलेल्या. परजीवी नव्हते.

हा कॉलमनॅरिस. १९२२ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीतल्या माशांमध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला हा रोग, फ्लाव्होबॅक्टेरियम गटातल्या जिवाणूमुळे होणारा. एकच समजल्या जाणाऱ्या या जिवाणूच्या २०२२ मध्ये चार वेगळ्या जाती केल्या गेल्या. घरच्या टँकमध्ये मात्र सगळ्यांची वागणूक सारखीच: पांढरी कापसासारखी झाक, पाठीवर खोगिरासारखा पट्टा, कुजणारं तोंड आणि पर, आणि कल्ले धरले तर बाहेर काही दिसायच्या आत मरण. सर्वसामान्य माणूस याला बुरशी म्हणतो त्यात त्याचा दोष नाही. डोळ्यांना ते तसंच दिसतं.

पण निदान चुकलं की उपचार उलटा पडतो. व्हाइट स्पॉटमध्ये तापमान वाढवतात, कारण परजीवीचं जीवनचक्र लवकर पुरं होऊन तो औषधाच्या तावडीत येतो. कॉलमनॅरिसला ऊबच हवी असते. २५ अंशांच्या पुढे तो जोमानं वाढतो, आणि ३२ वर एका दिवसात मासा जाऊ शकतो. त्यातून हा जिवाणू कल्ल्यांना अधिक घट्ट चिकटतो तो जड पाण्यात, नायट्राइट असताना, पाण्यात सेंद्रिय घाण असताना आणि गरम पाण्यात. या टँकमध्ये चारही गोष्टी होत्या. नव्या मॉलींनी जिवाणू आणला असेल किंवा तो आधीपासून टँकमध्ये गुमान बसला असेल, पण त्याला पाट मांडून दिला तो पाण्यानं.

नमुना प्रयोगशाळेत पाठवावा का, असा प्रश्न मुलीच्या वडिलांनी विचारला. चांगला प्रश्न. अडचण अशी की हा जिवाणू नेहमीच्या पोषक माध्यमावर नीट वाढत नाही, त्याला कमी पोषण असलेलं वेगळं माध्यम लागतं. माणसांच्या रक्त-लघवीच्या लॅबमध्ये नमुना दिला तर त्यावर भरभर वाढणारा एरोमोनास हा दुसराच जिवाणू उगवतो आणि अहवाल त्याचाच येतो. मत्स्यरोगांचं काम करणारी जागा हवी. आपल्याकडे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगाव इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी आधी फोन करून विचारावं. या वेळी नमुना घेऊन ठेवला, पण अहवाल येईपर्यंत थांबण्याइतका वेळ माशांकडे नव्हता.

काकांच्या कॅप्सूलचं काय झालं

हा हिशेब घरच्यांसमोर कागदावर मांडला, कारण तो मांडल्याशिवाय पुढचं पटत नाही. टँक सेंटिमीटरमध्ये ९० गुणिले ३८ गुणिले ४५, भागिले हजार: १५४ लिटर. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी सव्वाशे लिटर. त्यात २५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातल्या औषधांची पाण्यातली मात्रा लिटरला १० ते १०० मिलिग्रॅम अशी सांगितली जाते, आणि जड पाण्यात तीही वरच्या टोकाला. कारण ही औषधं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला घट्ट धरतात. एकदा धरलं की माशाच्या अंगात शिरत नाहीत. म्हणजे आधीच अपुरी असलेली मात्रा बोअरच्या पाण्यानं जवळपास निकामी करून टाकली होती. फिल्टरमधला कार्बनही काढलेला नव्हता. जे काही उरलं असेल ते त्यानं शोषलं. टेट्रासायक्लिन उजेडातही विघटित होतं आणि पाणी पिवळट-तपकिरी करतं. तो रंग पाहून औषध काम करतंय असा समज होतो.

माशांना या कॅप्सूलचा उपयोग झाला नाही, पण ती निरुपद्रवी होती असंही म्हणता येत नाही. जिवाणू मरणार नाहीत पण औषधाची ओळख मात्र होईल, अशा पातळीवर औषध पाण्यात राहिलं की प्रतिकार करणारे वाण निवडले जातात. ही शंका माझ्या मनात कायम होती, म्हणून पुढची मात्रा ठरवताना कुठेही कंजुषी केली नाही आणि मुदतही अर्ध्यावर सोडली नाही.

दुकानातून आणलेल्या पिवळ्या पावडरीची पुडीही घरात होती. त्यावर घटकाचं नाव नव्हतं, टक्केवारी नव्हती, तारीख नव्हती. ज्या औषधाचं नाव माहीत नाही त्याची मात्रा काढता येत नाही. ती बाजूला ठेवली. निओमायसिन असलेलं एक औषधही कुणीतरी सुचवलं होतं. या जिवाणूचं वेगळं माध्यम बनवताना इतर जिवाणू मारायला निओमायसिन मुद्दाम घालतात आणि हा जिवाणू त्यात मजेत वाढतो, एवढं सांगितल्यावर तो विषय संपला.

दोन गट, दोन वाटा

खरा निर्णय इथे होता, आणि तो औषधाच्या नावापेक्षा वेगळा होता: कोण खातंय आणि कोण खात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी थोडं सावरल्यावर, चिमूटभर दाणा टाकून पाहिला. एंजल, प्लॅटी, गप्पी धावून आले. उरलेल्या चारही मॉली कोपऱ्यात पर मिटून बसलेल्या, दाण्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या.

खाणाऱ्यांना औषध दाण्यातून. यात पाण्याचा जडपणा फारसा आड येत नाही, फिल्टर वाचतो आणि औषधही अगदी थोडं लागतं. पशुवैद्यांनी ऑक्सिटेट्रासायक्लिन लिहिलं, माशाच्या वजनाच्या किलोला रोज ७५ मिलिग्रॅम, दहा दिवस. टँकमधले खाणारे मासे तोलायचे कसे? स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला, जाळीतून निथळलेला मासा त्यात सोडला आणि आकडा टिपला. एक एंजल, दोन प्लॅटी आणि चार गप्पी तोलून बाकीच्यांचा अंदाज बांधला. सगळे मिळून पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर. वजनाच्या दोन टक्के म्हणजे रोज एक ग्रॅम दाणा, आणि त्यात ३.७५ मिलिग्रॅम औषध. एवढं रोज मोजणं अशक्य, म्हणून ५० ग्रॅम बारीक दाण्याला १९० मिलिग्रॅम औषध एकदाच लावलं: चमचाभर कोमट पाण्यात जिलेटिन, ते निवल्यावर त्यात औषध, मग दाण्यावर फवारून, हलवून, सावलीत वाळवून, काळ्या डब्यात भरून फ्रिजमध्ये. डब्यावर मोठ्या अक्षरात «औषधी दाणा, माणसांसाठी नाही» आणि तारीख. औषध हाताळताना मास्क आणि हातमोजे. दिवसभरात फक्त हाच दाणा, तोही पाच मिनिटांत संपेल इतका. उरलेला लगेच बाहेर.

न खाणाऱ्या मॉलींना पाण्यातून देण्याशिवाय इलाज नव्हता, पण मोठ्या टँकमध्ये नाही. वीस लिटरचे दोन प्लॅस्टिकचे टब घेतले. खडी नाही, एक एअर स्टोन, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. इथे पशुवैद्यांनी एन्रोफ्लॉक्सासिन निवडलं: लिटरला २.५ मिलिग्रॅम, रोज पाच तास, सात दिवस. दहा टक्क्यांचं द्रावण म्हणजे मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, तेव्हा वीस लिटरला अर्धा मिलिलिटर. एक मिलिलिटरच्या सिरिंजनं काटेकोर मोजायचा. हेही औषध कॅल्शियमला अडकतं, म्हणून टबमध्ये निम्मं टँकचं आणि निम्मं घरच्या आरओचं पाणी, आणि मासा त्यात एकदम न टाकता अर्ध्या तासात हळूहळू मिसळून. लिटरला तीन ग्रॅम खडे मीठ. मॉलीला मीठ मानवतं, आणि मिठानं या जिवाणूचा जोरही कमी होतो. पाच तास झाले की मासा दुसऱ्या टबमधल्या स्वच्छ खारट पाण्यात.

एन्रोफ्लॉक्सासिनबद्दल आमची बरीच चर्चा झाली. ते ज्या फ्लुरोक्विनोलोन घराण्यातलं आहे ती औषधं माणसांसाठी इतकी मोलाची आहेत की जागतिक आरोग्य संघटनेनं ती सगळ्यात वरच्या प्राधान्याच्या यादीत ठेवली आहेत. चार मॉलींसाठी ते वापरावं का? माझं मत असं की निदान पक्कं असेल, दुसरी वाट बंद असेल, पाणी टबापुरतं मर्यादित असेल आणि मुदत पूर्ण होणार असेल, तर वापरावं. सव्वाशे लिटरच्या टँकमध्ये, निरोगी माशांसकट, अंदाजानं ओतायला माझा ठाम विरोध आहे.

मोठ्या टँकला अँटिबायोटिक दिलंच नाही. तिथे फक्त मीठ, लिटरला एक ग्रॅम, म्हणजे सव्वाशे ग्रॅम विरघळवून दोन दिवसांत. कोरींना याहून जास्त सोसेल याची खात्री नव्हती. मिठानं एका दगडात दोन पक्षी मारले: क्लोराइड असेल तर कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरायला अडथळा येतो. रोज पाव हिस्सा पाणी बदल, आणि बदललं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत. हे शेवटचं विसरलं जातं आणि मग मीठ वाढत जातं किंवा उतरत जातं, म्हणून वडिलांनी फ्रिजवर तक्ता चिकटवला. तो मुलीनं शेवटपर्यंत भरला.

पुढे काय झालं

चारपैकी दोन मॉली टबमध्ये मेल्या, एक पहिल्याच रात्री. तिचे कल्ले उघडून पाहिले तर पाकळ्या निम्म्याहून अधिक झडलेल्या. औषध जिवाणू मारतं, कल्ले परत आणत नाही. दुसऱ्या दोघींच्या पट्ट्याची कड तिसऱ्या दिवशी पुढे सरकायची थांबली, पाचव्या दिवशी खालची त्वचा गुलाबी दिसू लागली आणि सहाव्या दिवशी एकीनं दाणा उचलला. मुलीनं फोन करून सांगितलं, «ताई, तिनं थुंकला, पण परत खाल्ला.» सातव्या दिवसापर्यंत औषध चालूच ठेवलं. दाणा खाते म्हणून बंद करावं का, असं घरच्यांनी विचारलं होतं, नको म्हटलं.

मोठ्या टँकमध्ये एका गप्पीच्या शेपटीला पांढरी कड आली आणि तीन दिवसांत गेली. एक गप्पी मेला. एंजल, प्लॅटी आणि कोरी यांना काही झालं नाही. अमोनिया शून्यावर यायला दोन आठवड्यांहून जास्त लागले, आणलेला स्पंज असूनही. औषधी दाण्याचे दहा दिवस संपल्यावर नवा कार्बन घातला.

टबमधलं औषधाचं पाणी आणि उरलेला दाणा यांचं काय करायचं हे आधीच ठरवलं होतं. टबच्या पाण्यात रात्रभर कार्बनची पिशवी आणि एअर पंप, मग ते घरातल्या ड्रेनेजमध्ये. कुंडीत, बागेत, बोअरच्या आसपास किंवा ओढ्यात नाही. उरलेला दाणा दुसऱ्या कुणाच्या टँकसाठी द्यायचा नाही. काकांनी मागितला होता, त्यांना समजावून नाही म्हटलं आणि त्यांनीही ते मानलं. सोसायटीतल्या कुणाकडे असा आजार आला तर ते आता आधी अमोनिया मोजायला सांगतात.

जाळ्या, पाइप आणि टब ब्लीचच्या पाण्यात भिजवून, भरपूर धुऊन उन्हात कडक वाळवले. माशांमधला कॉलमनॅरिस माणसाला होत नाही, पण टँकमधून माणसाला लागणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू आहे. हाताला जखम असताना त्याचा शिरकाव झाला तर महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी येतात. म्हणून लांब हातमोजे, आणि नळी तोंडानं ओढून सायफन करणं बंद. मुलीला हे पहिल्या दिवशीच सांगितलं, कारण नळी ओढायचं काम तिचं होतं.

वीस लिटरचा एक टब आता कायमचा बाल्कनीच्या आतल्या बाजूला असतो, स्पंज फिल्टर मोठ्या टँकमध्ये भिजत ठेवलेला. नवा मासा आला की स्पंज टबमध्ये जातो, मासा चार आठवडे तिथेच, वेगळी जाळी, वेगळी बादली. दुकानाच्या पिशवीतलं पाणी मोरीत. दिवाळीला घरच्यांनी पाच नव्या मॉली आणल्या. दुसऱ्या आठवड्यात एकीचा पर फाटका दिसला म्हणून मुलीनं फोटो पाठवला. पाणी मोजायला सांगितलं, अमोनिया थोडा निघाला, दोन वेळा पाणी बदललं, पर भरून आला. त्या वेळी औषध लागलंच नाही.